कपलरवरचं तेल आणि पन्नास हजारांचं एस्टिमेट

दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि इंजेक्टरच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) काळपट, चिकट थर दिसला, की बऱ्याच गॅरेजांत एकच निकाल लागतो: इंजेक्टर गेले, चारही बदला. कॉमन रेल इंजिनाचा एक नवा इंजेक्टर साधारण १० ते १६ हजारांना पडतो. मजुरी धरून एस्टिमेट पन्नास हजारांच्या पुढे जातं, आणि गाडीची बाजारातली किंमत असते दीड-दोन लाख. एवढे पैसे मोजण्याआधी तेल नेमकं कुठून येतंय हे शोधायलाच हवं. कपलरवर तेल साचतं. ते गळत असतं बहुतेक वेळा दुसरीकडूनच.

खाली दिलेले दर शहरातल्या बऱ्यापैकी खासगी गॅरेजचे, ढोबळ आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते सहज दीडपट होतात. उदाहरण धरलं आहे १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनाचं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे उत्सर्जन मानक आलं आणि भारतात हे इंजिन बंद झालं, पण त्याचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला आजही मिळतात.

पहिली तपासणी फुकट आहे. इंजिन गार झाल्यावर पांढऱ्या कागदाने तो थर टिपा. डाग काळा, दाट आणि जागच्या जागी राहिला तर इंजिन ऑइल. पातळ डाग भराभर पसरला आणि डिझेलचा वास आला तर डिझेल. कडक, डांबरासारखा थर कागदाला लागतच नसेल आणि नखाने खरवडावा लागत असेल, तर तो जळलेला कार्बन. शेवटच्या सर्व्हिसिंगला इंजिन धुतलं होतं का, हेही आठवा. काही वॉशिंग सेंटरवर धुण्याच्या वेळी इंजिनावर डिझेल मारतात किंवा नंतर चमक यावी म्हणून पॉलिश फवारतात, आणि त्यावर धूळ बसली की तो थर हुबेहूब गळतीसारखा दिसतो.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून एक कपलर अलगद सोडवा आणि आत बघा. बाहेर तेल, आत पिना कोरड्या आणि रबरी सील शाबूत, तर तेल वरून किंवा शेजारून आलं आहे. उलट बाहेर कोरडं आणि आत पिनांभोवती तेल दिसलं, तर ते वायरीच्या आतून आलेलं असू शकतं. ऑइल प्रेशर स्विच किंवा कॅम सेन्सरचं आतलं सील गेलं, की तेल तांब्याच्या तारांमधून, प्लास्टिकच्या आवरणाखालून, हळूहळू सरकत दूरच्या कपलरपर्यंत पोचतं. इंजेक्टर दहादा बदलला तरी हे थांबत नाही. सेन्सर मात्र ५०० ते २,००० रुपयांत होतो. पिनांना पांढुरकी, अर्धपारदर्शक जेल लावलेली असेल तर तो दोष नाही. ते पाण्यापासून बचावासाठी लावलेलं सिलिकॉन ग्रीस आहे.

डाग डिझेलचा निघाला तर आधी इंजेक्टरच्या डोक्यावरचा रिटर्न पाइप बघा. त्याच्या जोडातल्या छोट्या ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि थेंब थेंब पाझर सुरू होतो. अख्खा पाइप ६०० ते २,००० रुपये, मजुरी तीन-चारशे. इंजिन ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल भरायच्या झाकणाचं रबर आणि ब्रीदरचा पाइप तपासा. पॅकिंगचं काम बहुतेक गाड्यांत १,००० ते २,५०० मध्ये उरकतं. कार्बनचा काळा थर असेल आणि इंजिन चालू असताना फस-फस आवाज येत असेल, तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेला आहे. वॉशर पन्नास-शंभरचा, पण अडकून बसलेला इंजेक्टर काढणं आणि त्याची बैठक साफ करणं कष्टाचं, म्हणून एका इंजेक्टरला १,००० ते ३,००० मजुरी रास्त आहे. जुना वॉशर पुन्हा बसवू देऊ नका.

निदान पक्कं करायचा स्वस्त मार्ग असा: सगळे कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने (३०० ते ५०० रुपयांचा डबा) पुसून कोरडे करायचे, आजूबाजूला टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा बघायचं. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते, तिथे गळती.

गाडी मिसिंग करत असेल, सकाळी उशिरा सुरू होत असेल, धूर टाकत असेल, तरच इंजेक्टरवर संशय घ्यावा. तेव्हाही आधी रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही रिटर्नना नळ्या जोडून डिझेल चार बाटल्यांत घेतात. एखादी बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरली, तर तो एक इंजेक्टर दोषी. बेंचवर तपासणी दर इंजेक्टरला ३०० ते ६०० रुपये, आणि एकच खराब निघाला तर एकच दुरुस्त करा. नवा बसवल्यावर अनेक गाड्यांत त्याचा कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागतो. ते काम एस्टिमेटमध्ये आहे का ते विचारा.

कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना कपलर उपटून मिसिंग शोधायची जुनी पद्धत कुणालाही वापरू देऊ नका. त्यात ईसीयू जाऊ शकतो. गळती शोधताना प्रेशर लाइनवर बोटही फिरवायचं नाही. आतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. तसं झालंच, तर जखम किती का लहान असेना, तडक हॉस्पिटल गाठा. पेट्रोल गाडीत इंजेक्टरपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.

सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, जुन्या २८ टक्क्यांनी लावलेलं बिल परत करा. छापील एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यावर वेगळा लावता येत नाही. काढलेले जुने भाग मागून घ्या, आणि गॅरेज ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा.