बांधकाम परवानगीचे शुल्क : कर, फी की दंड?

शहरात घर बांधू इच्छिणाऱ्या माणसाची जागा खरेदी केल्यानंतर पहिली गाठ पडते ती नगरपालिकेच्या बांधकाम खात्याशी. तेथे नकाशा द्यावा लागतो, निरनिराळ्या नावांनी पैसे भरावे लागतात आणि मग परवानगी हाती येते. हे पैसे नेमके कशाबद्दल, असे बहुधा कोणी विचारीत नाही. नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवरचा हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. इंदूर शहराचे उदाहरण समोर ठेवून त्याचा थोडा अभ्यास करू.

1. इंदूरची पार्श्वभूमी

होळकरांच्या राजवटीत 1870 साली इंदूरला नगरपालिका स्थापन झाली. 1956 मध्ये तिला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. या शहराचे एक वैशिष्ट्य असे की, नगररचनेचा शास्त्रीय सल्ला त्याला फार लवकर मिळाला. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने 1918 मध्ये इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा गल्लीबोळांची प्रत्यक्ष पाहणी करावी आणि आवश्यक तेवढीच पाडापाड करावी, असा त्याचा आग्रह होता. तो सल्ला साऱ्या शहराच्या हिताचा होता आणि तो मागविला होता दरबाराने. ज्या सल्ल्याचा लाभ सर्वांना होतो, त्याचा भार सार्वजनिक तिजोरीने उचलावा, हे तत्त्व यातून सहज दिसते. परंतु एका भूखंडाच्या मालकाला त्याच्या घरापुरता सल्ला हवा असेल, किंवा त्याचा नकाशा तपासायचा असेल, तर त्याचा खर्च कोणी सोसावा? शेजाऱ्याने भरलेल्या घरपट्टीतून तो का भागवावा? शुल्काची कल्पना येथून जन्मते.

आज इंदुरातील बांधकामावर मुख्यतः तीन कायद्यांचे नियंत्रण आहे : मध्य प्रदेशाचा 1956 चा महानगरपालिका अधिनियम, 1973 चा नगर व ग्राम निवेश अधिनियम आणि 2012 चे भूमी विकास नियम. या नियमांनी 1984 च्या जुन्या नियमांची जागा घेतली. परवानगी मागणाऱ्याला अर्जाचे व परवानगीचे शुल्क भरावे लागते. पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याच्या व्यवस्थेसाठी अनामत ठेवावी लागते. शिवाय बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी केंद्रीय कायद्यानुसार उपकर असतो. या कायद्याने त्याचा दर बांधकाम खर्चाच्या 1 ते 2 टक्के ठरविला आहे. म्हणजे एकाच खिडकीवर भरलेल्या पैशांत सेवेचा मोबदला आहे, परत मिळण्याजोगी अनामत आहे आणि तिसऱ्याच कोणाच्या कल्याणासाठी दिलेली रक्कमही आहे.

2. कर आणि फी यांतील भेद

या वर्गीकरणाचा पाया ज्या निकालाने घातला, तो आपल्या कर्नाटकातील वाचकांना जवळचा वाटेल. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली कर आणि फी यांतील फरक सांगितला. कर हा सर्वांसाठी असलेला सक्तीचा भार असून त्याच्या बदल्यात विशिष्ट लाभाचे वचन नसते. फी मात्र विशिष्ट सेवेसाठी असते आणि ती त्या सेवेच्या खर्चाशी निगडित असावी लागते. मठांकडून घेतली जाणारी वार्षिक रक्कम फी नसून करच आहे, असे न्यायालयाने त्यावेळी ठरविले.

पुढे ही मोजपट्टी काहीशी सैल झाली. भरलेला पैसा आणि मिळालेली सेवा यांचा रुपया-आण्यांचा हिशेब जुळलाच पाहिजे असे नाही, साधारण संबंध पुरे, अशी भूमिका न्यायालयाने 1983 मध्ये घेतली. मजुरांचा उपकर हीसुद्धा फीच आहे, असा निर्णय 2011 मध्ये आला. कारण पैसा देणारा मालक असला तरी तो ठरावीक कामासाठी वेगळा राखला जातो.

मात्र एक गोष्ट सैल झाली नाही. कायद्याचा स्पष्ट आधार नसेल, तर सार्वजनिक संस्थेला नागरिकाकडून पैसा मागता येत नाही. राज्यघटनेचे 265 वे कलम करांबाबत हेच सांगते. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाने बांधकामाची परवानगी देताना विकासशुल्क मागितले, तेव्हा 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. शहराच्या विकासाला पैसा लागतो हे खरे. पण गरज हा अधिकार नव्हे.

3. सल्ल्याचे पैसे

योगायोग असा की, जवळजवळ त्याच सुमारास विलायतेतही हाच वाद रंगला होता. रिचमंड अपॉन टेम्स येथील कौन्सिल अर्जापूर्वीच्या सल्लामसलतीसाठी 25 पौंड आकारीत असे. मॅकार्थी अँड स्टोन या बांधकाम कंपनीने त्याला हरकत घेतली आणि 1991 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ही आकारणी रद्द केली. सल्ला देणे हे कौन्सिलच्या मुख्य कामाला पूरक काम आहे, पण त्यावर पैसे घेणे हे पूरकाचेही पूरक झाले आणि कायदा तितका ताणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे 2003 च्या कायद्याने ऐच्छिक सेवांसाठी आकारणीची मुभा दिली. तिला अट अशी की, उत्पन्न सेवेच्या खर्चापेक्षा जास्त असू नये.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. महापालिकेत सल्ल्याची खिडकी सहसा नसते. सामान्य माणूस नियम समजून घेण्यासाठी खासगी वास्तुविशारदाकडे, आणि तेवढी ऐपत नसेल तर मध्यस्थाकडे जातो. पावती नसलेला सल्ला बहुधा महागच पडतो. ठरावीक दराने, पावती देऊन, लेखी सल्ला मिळाला तर लहान भूखंडधारकाचे किती हेलपाटे वाचतील याची कल्पना करावी.

4. तडजोड शुल्क

तिसरा प्रकार सर्वांत विचार करण्याजोगा आहे. मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम झाले, तर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे घेऊन ते नियमित करता येते. मध्य प्रदेशात याची मर्यादा 10 टक्के होती. 2021 च्या दुरुस्तीने ती 30 टक्के करण्यात आली. कर्नाटकातील 'अक्रम-सक्रम' योजना याच जातीची. तिला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये स्थगिती दिली.

ही रक्कम कर नव्हे, फीही नव्हे. कारण तिच्या बदल्यात कोणतीच सेवा नाही. ती दंडाच्या जवळची आहे. दंडाचा हेतू चूक थांबविणे हा असतो. पण चूक जितकी जास्त तितके उत्पन्न जास्त, असे झाले की नियम मोडणाराच तिजोरीचा आधार होऊन बसतो, आणि प्रामाणिकपणे नकाशाबरहुकूम घर बांधणारा वेडा ठरतो.

5. मोल कशाचे?

हा केवळ हिशेबाचा वाद असता तर तो सोडून देता आला असता. परंतु 31 मार्च 2018 रोजी इंदुरात सरवटे बसस्थानकाजवळील हॉटेलची जुनी इमारत कोसळून 10 माणसे दगावली. संविधान सभेचे सदस्य वि. सी. सरवटे यांच्या नावाचा हा गजबजलेला परिसर. नंतर 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, स्नेहनगर भागातील मंदिरात जुन्या विहिरीवर टाकलेले छत खचले आणि 36 भाविकांचा मृत्यू झाला. तेथील बांधकामाबाबत महापालिकेची नोटीस आधी निघाली होती. कागद निघाला होता, छत मात्र जागेवरच होते.

यावरून ध्यानात येते की, बांधकाम-नियंत्रणाचा प्राण नकाशावरच्या शिक्क्यात नसून प्रत्यक्ष पाहणीत आहे. इंग्लंडमध्ये बांधकाम-नियंत्रणाच्या आकारात नकाशा तपासणीचा आकार आणि जागेवरील पाहणीचा आकार वेगळे दाखविण्याची पद्धत आहे. पाया खोदल्यावर, गटारे टाकल्यावर, काम पुरे झाल्यावर निरीक्षकाने येणे अपेक्षित असते आणि त्या फेऱ्यांचे पैसे आधीच भरलेले असतात. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही काम सुरू झाल्याची व पूर्ण झाल्याची सूचना आणि मधली पाहणी यांची तरतूद आहे. पावतीवर मात्र पाहणीचा रकाना वेगळा दिसत नाही. ज्याचा हिशेब नाही, ते काम झाले की नाही हे विचारण्याचा हक्कही नागरिकाला उमगत नाही.

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचना आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन हे विषय अगदी आरंभीच आहेत. अधिकार आला, त्याबरोबर जबाबदारीही आली. म्हणून शुल्क कमी असावे की जास्त, यापेक्षा त्याच्या पावतीवर काय लिहिलेले असावे हा प्रश्न महत्त्वाचा. नकाशा तपासणीचे इतके, सल्ल्याचे इतके, पाहणीच्या प्रत्येक फेरीचे इतके, असा खुलासा असेल तर नागरिक पैसे देताना कुरकुर करील, पण निरीक्षक आला नाही तर जाबही विचारील. आपल्या गावी कोणाचे घर उभे राहत असेल, तर विद्यार्थी मित्रांनी परवानगीची ती पावती एकदा मागून वाचावी. स्थानिक स्वराज्याचा पाठ्यपुस्तकातील धडा त्या एका कागदावर पडताळून पाहता येईल.