माऊस पॅड : उशी नको, जागा हवी

गेम खेळून मनगट दुखायला लागलं की पहिली खरेदी होते ती जेलची उशी असलेल्या माऊस पॅडची. ती मऊ लागते हे खरं. पण गेम खेळणाऱ्याने पैसे मोजायचेच असतील, तर ते पॅडच्या लांबी-रुंदीसाठी मोजावेत. तळहाताच्या बुडाशी एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडं, वर जाड पट्टा आणि आतून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा व एक नस जाते. मनगट वर वाकलं किंवा तळहाताच्या बुडावर बाहेरून दाब आला, की आतला दाब वाढतो. माऊस ओढताना तो मोजला गेला आहे आणि पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत भरला आहे. नसेचा रक्तपुरवठा मंदावायला साधारण तेवढा दाब पुरतो. जेलची उशी टेकते ती नेमकी याच जागी. शिवाय मनगट तिथे रुतून बसलं की माऊस इकडून तिकडे नेण्याची सगळी हमाली त्याच्याच माथी येते.

म्हणून पॅड सपाट, पातळ आणि निदान ४५ बाय ४० सेंटिमीटरचा घ्यावा, म्हणजे हात कोपरापासून फिरतो. माऊसची संवेदनशीलता थोडी कमी करा, नाहीतर मोठा पॅड नुसता अंथरलेला राहील. कडा शिवलेली बघा. कापडाची कापीव कड मनगटाला घासत राहते. घामाचे हात असतील तर धुता येणारं कापड बरं.

‘मग उशीने बरं का वाटतं?’ ती मऊ असते म्हणून. खेळ थांबलेला असताना हात टेकायला ती चालेल, माऊस हलत असताना नको. ‘टेबलावर एवढी जागा कुठे?’ ही अडचण खरी आहे. आखूड कीबोर्ड घ्या किंवा आहे तो तिरका सरकवा, बरीच जागा निघते. पण टेबल कोपरापेक्षा उंच असेल तर कुठलाही पॅड उपयोगाचा नाही. आधी खुर्ची वर घ्या.

पॅड बदलून सगळं मिटतं असंही नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीत, आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस चालवणाऱ्यांमध्ये हाताला मुंग्या येण्याची तक्रार अधिक आढळली. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर नवा पॅड शोधण्याआधी डॉक्टरांना हात दाखवा.