जोगलटेंभीचीं नाणीं

इ. स. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं, आणि सर्व नहपान या क्षहरातवंशीय क्षत्रपाचीं. रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट यांनीं त्यांचें परीक्षण करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत लेख लिहिला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पार्ल्याहून चर्चगेटला जाऊन तेथील वस्तुसंग्रहालयांत प्राचीन नाणीं पाहतील, त्यांस ही हकीकत उपयोगी पडेल.

नाणें लहान, वजन सुमारें दोन ग्रॅम. एका बाजूस राजाचें मस्तक व भोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख. गंमत अशी कीं, अक्षरें ग्रीक असलीं तरी भाषा ग्रीक नव्हे. ‘क्षहरात नहपान राजाचें’ या अर्थाचे प्राकृत शब्दच ग्रीक लिपींत उतरविले आहेत, हें स्कॉटसाहेबांनीं दाखविलें. आपण मराठी नांव रोमन अक्षरांत लिहितों, त्यांतलाच हा प्रकार. कोरणाऱ्यांचें लिपिज्ञान मात्र बेताचें असावें. कित्येक नाण्यांवर अक्षरें पार मोडलेलीं आहेत.

मग हा खटाटोप कशासाठीं? ‘पेरिप्लस’ या ग्रंथाचा कर्ता, इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एक ग्रीकभाषी व्यापारी, सांगतो कीं, अपोलोडोटस व मिनँडर या यवन राजांचीं जुनीं ड्रॅक्मा नाणीं भडोच येथें त्याच्या काळींहि चालत होतीं. (हा मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथांतील मिलिंद.) सराफाची नजर ज्या घडणीस सरावली, ती नव्या राजानें टिकविली, असें आम्हांस वाटतें.

पैशाचा व्यवहार त्या काळीं किती चोख होता, हें नहपानाचा जांवई उषवदात याच्या नाशिक लेण्यांतील लेखावरून दिसतें. त्यानें दोन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत दरमहा दर शेंकडा एक या व्याजानें ठेविले. व्याजांतून लेण्यांतील वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे. विद्यार्थ्यांनीं वर्षाचें व्याज मांडून पाहावें. २४० येतें, आणि तें बरोबर वांटलें जातें.

परंतु या सांठ्याचें खरें महत्त्व निराळें आहे. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपला छाप पुन्हां मारलेला आहे: एकीकडे तीन कमानींचें चैत्य व स्वतःचें नांव, दुसरीकडे उज्जयिनीचें चिन्ह. गौतमीपुत्रानें क्षहरात वंशाचा उच्छेद केला असें त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखांत आहे; पण मातेच्या प्रशस्तींत अतिशयोक्ति असावयाची, अशी शंका कोणीहि घेईल. नाण्यांनीं ती फेडली. शिवाय या दोघांच्या मध्यें होऊन गेलेल्या तिसऱ्या कोणा राजाचें एकहि नाणें सांठ्यांत नाहीं. तेव्हां नहपानामागोमाग हा प्रदेश गौतमीपुत्राकडे आला, असेंच म्हणावें लागतें. त्यानें तीं नाणीं वितळविलीं नाहींत, हें आमचें भाग्य. छाप नीट न बसलेल्या नाण्यांवर चैत्याच्या आडून नहपानाचें नाक किंवा हनुवटी अद्यापि डोकावते.

ग्रीक ‘ड्रॅक्मा’ या शब्दाचा संस्कृतांत ‘द्रम्म’ झाला व पुढें मराठींत ‘दाम’. शिलाहार राजा अपरादित्य याच्या परळ येथील शके ११०८ च्या शिलालेखांत द्रम्मांच्या दानाचा उल्लेख आहे, आणि तें दान षट्षष्टींतील, म्हणजे ज्या साष्टी बेटावर आपलें पार्लें वसलें आहे तेथील, एका बागेच्या उत्पन्नाचें आहे.