फोनो प्रीअँप घेण्याआधी

नाशिक

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. आजोबांच्या रेकॉर्ड तू माळ्यावरून खाली काढल्यास, टर्नटेबल सुरू झालं, हे वाचून फार बरं वाटलं. जव्हारच्या त्या घरात पुन्हा तबकडी फिरते आहे, याचा आनंद तुझ्या आईइतकाच मलाही आहे. पण पुढच्या ओळीत तू लिहिलंस की आता फोनो प्रीअँप ‘अपग्रेड’ करायचा आहे आणि त्यासाठी महिन्याचा पगार बाजूला काढला आहे. तिथे मी थांबलो. आश्रमशाळेतला तुझा पगार मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो. प्रीअँप आधी सुई बसवलेल्या कार्ट्रिजशी जुळायला हवा. महाग घ्यायचा की स्वस्त, हे नंतर बघायचं. ही जुळवणी नीट झाली तर कदाचित नवा घ्यावाच लागणार नाही.

प्रीअँपची ही डबी दोन कामं करते. पहिलं काम सिग्नल वाढवण्याचं. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात आणि अ‍ॅम्पला काहीशे मिलिव्होल्ट लागतात. म्हणजे शंभरपट वाढ हवी, त्यालाच 40 डेसिबल म्हणायचं. मूव्हिंग कॉइल जातीचं कार्ट्रिज बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी देतं, त्याला हजारपट, म्हणजे 60 डेसिबल लागतात. तुझं कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम95ई आहे, ते मूव्हिंग मॅग्नेट, साधारण 4 मिलिव्होल्टचं. शंभरपटीने त्याचे 400 होतात, अगदी हवे तेवढे. तू ज्या मॉडेलच्या जाहिरातीवर भाळला आहेस त्यात 60 डेसिबल मोठ्या अक्षरात छापलेत. तुझ्या 4 मिलिव्होल्टचे तिथे 4 व्होल्ट होतील आणि जोरकस तानेला आवाज फाटेल. तुला न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे तू मोजणार आहेस.

दुसरं काम जास्त नाजूक आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे स्वर चढवलेले असतात. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाच इतकी रुंद नागमोडी जाईल की एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणार नाहीत. वरचे स्वर चढवायचं कारण पृष्ठभागाची खरखर. वाजवताना ते पुन्हा खाली आणले की त्यांच्याबरोबर खरखरही खाली येते. किती दाबायचं, किती चढवायचं याचं एक प्रमाण 1954 च्या सुमारास ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. प्रीअँप त्याच्या बरोबर उलटं करतो. 1000 हर्ट्झच्या तुलनेत 50 हर्ट्झचा आवाज तो सुमारे सातपट वाढवतो आणि 10000 हर्ट्झचा जवळजवळ पाचव्या हिश्शावर आणतो.

आता यातली खरी गोम बघ. आपल्या घरातली वीजही 50 हर्ट्झचीच. म्हणजे कुठून तरी शिरलेली विजेची घरघर हा प्रीअँप शंभरपट नाही, सातशेपट वाढवतो. तू लिहिलंस की गाणं सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधून ‘घूं’ येतं आणि म्हणून प्रीअँप बदलायचा. अरे, नवा आणलास तरी तोही त्या घरघरीला सातशेपटच करणार! आधी ती शिरते कुठून ते शोध. रेकॉर्ड थांबलेली ठेव, सुई उचललेली ठेव आणि आवाज हळूहळू वाढव. टर्नटेबलमागून आरसीए पिनांबरोबर एक बारीक तिसरी वायर आलेली असते, तिच्या टोकाला चिमटा असतो. ती प्रीअँपच्या मागच्या स्क्रूला घट्ट लागली आहे का बघ. ती सैल असणं हे घरघरीचं सर्वांत नेहमीचं कारण. मग एकेक पिन काढून बघ. एका बाजूची काढल्यावर आवाज गेला तर त्या बाजूची केबल किंवा कार्ट्रिजच्या मागची बारीक चिमटी सैल असेल. तरीही राहिला तर प्रीअँप अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर सरकव. दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या प्लगांवर असतील तर एकाच बोर्डावर आण. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर एकेक बंद करून ऐक. या सगळ्याला एक दुपार लागेल आणि पैसा एकही लागणार नाही.

विजेबद्दल आणखी थोडं. जव्हार-मोखाड्यात वीज कशी येते-जाते ते तुला मी सांगायला नको. इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लाटेचा असेल तर वीज गेल्यावर त्याच्यावर टर्नटेबल चालवू नकोस. अशा इन्व्हर्टरची भणभण थेट प्रीअँपमध्ये शिरते. शिवाय आजोबांच्या वेळच्या काही टर्नटेबलांची मोटर विजेच्या वारंवारतेवर धावते. वारंवारता ढळली की वेग ढळतो आणि वेग ढळला की षड्जच ढळतो. किशोरीताईंचा भूप पाव स्वराने उतरलेला ऐकण्यापेक्षा दिवे येईपर्यंत थांबलेलं बरं. वळिवाच्या दिवसांत ढग गडगडले की सगळे प्लग भिंतीतून काढून ठेव, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता सुईकडे ये. विहिरीचंच पाणी गढूळ असेल तर पंप बदलून काय होणार? तुझ्या टर्नटेबलवरची सुई किती तास चालली आहे याचा हिशेब कुणाकडेच नाही. सुरुवातीचे पैसे सुईवर घाल. नवी बसवलीस की वजनाचा छोटा काटा आणून भार 2 ग्रॅमवर लाव, या कार्ट्रिजला तेवढाच सांगितला आहे. कमी भाराने रेकॉर्ड जपली जाते असा समज सर्वत्र आहे, पण हलकी सुई खाचेत उसळते आणि उसळणारी सुईच खाच बिघडवते. नासाने 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिच्यासोबत त्यांनी कार्ट्रिज आणि सुईही ठेवली. योग्य सुईवाचून तबकडी मुकी, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

कार्ट्रिज आणि प्रीअँप यांच्या जुळणीत आणखी एक आकडा आहे, त्याकडे दुकानदार सहसा लक्ष वेधत नाहीत. मूव्हिंग मॅग्नेटसाठी प्रीअँपचा इनपुट 47 किलोओहमचा असतो, तो जवळपास सगळ्यांचा सारखाच. फरक पडतो कपॅसिटन्समध्ये. तुझ्या कार्ट्रिजला एकूण 100 ते 200 पिकोफॅरड हवा. या एकुणात प्रीअँपच्या आतला आला, टर्नटेबलच्या दांडीतल्या तारांचा आला आणि केबलचाही आला. साध्या केबलचा मीटरला शंभराच्या आसपास भरतो. तू तीन मीटरची केबल टाकली आहेस. म्हणजे एकट्या केबलनेच मर्यादा ओलांडली. एवढ्या कपॅसिटन्सने वरचे स्वर आधी टोचरे होतात आणि त्याच्या वर एकदम गळून पडतात. सारंगी कर्कश वाटते असं तू लिहिलंस, मला दाट शंका त्या केबलचीच आहे. टर्नटेबल आणि प्रीअँप शेजारी ठेव, मधली केबल मीटरभराची किंवा त्याहून आखूड घे. लांब केबल हवीच असेल तर ती प्रीअँपच्या पुढे, अ‍ॅम्पकडे जाताना टाक, तिथे चालते.

एक गोष्ट बघायची राहिली असेल. आजोबांच्या जुन्या अ‍ॅम्पच्या मागे ‘फोनो’ असं लिहिलेलं भोक आहे का? सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये प्रीअँप आतच असे, आणि त्यातले कित्येक आजच्या स्वस्त डब्यांपेक्षा चांगले आहेत. टर्नटेबलच्या मागेही ‘फोनो–लाइन’ असं बटण असू शकतं, म्हणजे त्याच्या पोटातही एक प्रीअँप आहे. दोन प्रीअँप एकामागे एक लागले तर खर्ज दोनदा चढतो, तबला घागरीत वाजल्यासारखा होतो. हे नीट तपास.

आजोबांच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल मात्र मला खरी काळजी आहे. त्या लाखेच्या आहेत. तुझ्या शाळेच्या वाटेवर पळस आणि कुसुंब दिसतात ना, तसल्याच झाडांवरच्या किड्यांपासून ती लाख मिळते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी पुसायला लोक आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलेलं पाणी वापरतात, त्याचा एक थेंबही या तबकड्यांना लावू नकोस. साधं स्वच्छ पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं फडकं, आणि मधल्या कागदाला ओल लागू द्यायची नाही. पावसाळ्यात जव्हारला पाकिटांवर पांढरी बुरशी धरते, तीच खाचेत उतरते. तबकड्या उभ्या ठेव, भिंतीला टेकवू नकोस, आणि ऊन पडलं की कपाट उघडून वारा दे. ऊन मात्र तबकडीवर पडता कामा नये.

या तबकड्यांना तुझी एलपीची सुई चालणार नाही. त्यांची खाच तिपटीहून रुंद असते, बारीक सुई तळाला घासत जाते आणि नुसती खरखर उचलते. तुझ्याच कार्ट्रिजच्या मालिकेत 78 ची वेगळी सुई मिळते, तिचा भार 5 ग्रॅमच्या आसपास ठेवायचा. दुसरं असं की या तबकड्या आरआयएए ठरण्याच्या आधीच्या. त्या काळी प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं होतं आणि वरचे स्वर आजच्याइतके चढवलेले नसत. आजच्या प्रीअँपमधून वाजवलं की बालगंधर्वांचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. दोष त्यांच्या गळ्याचा नाही आणि तबकडीचाही नाही. तेव्हा तुला खरंच नवा प्रीअँप घ्यायचा असेल तर त्याचं पटण्याजोगं कारण हेच आहे. ज्यात प्रमाण बदलायचं बटण आहे आणि ‘मोनो’चं बटण आहे, असा घे. 78 मध्ये गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत फक्त कचरा. मोनो केलं की दोन्ही बाजू मिसळून हा उभा कचरा एकमेकाला खोडतो आणि खरखर ऐकू येण्याइतकी कमी होते. 20 हर्ट्झच्या खालचं गाळणारं फिल्टरही असावं, कारण वाकलेल्या तबकडीने स्पीकरचा पडदा उगाच हलत राहतो. व्हॉल्व्हचा प्रीअँप दिसायला सुंदर असतो, पण तुझ्याकडच्या विजेवर आणि दमटपणात त्याच्या वाटेला जाऊ नकोस. आजोबांच्या तबकड्या कुठल्या सालच्या हे काढायचं असेल तर मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने मोठं काम करून ठेवलं आहे, तिथे विचार.

विकत घेण्याआधी ऐकायला जव्हारात दुकान नाही, हे खरं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाशील तर आपलीच रेकॉर्ड बरोबर ने. दोन प्रीअँपची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घे. किंचित मोठा वाजणारा डबा नेहमीच चांगला वाटतो आणि दुकानात हा खेळ सहज होतो. तुझ्याकडे मल्टिमीटर आहे. एलपीतला तंबोऱ्याचा संथ तुकडा लाव, स्पीकरच्या टोकांशी एसी व्होल्ट मोज आणि दुसऱ्या डब्याला तेवढ्यावरच आण. मग पाठ फिरवून ऐक आणि डबे बदलायला दुसऱ्याला सांग.

आणि कशाशी ताडून बघायचं? इथे तुझ्याजवळ जे आहे ते मुंबईच्या हौशी माणसांपाशी नाही. तू वाळवंड्याच्या भिकल्या धिंडांचा तारपा हाताच्या अंतरावरून ऐकला आहेस. दुधी भोपळ्यातून घुमणारा तो अखंड सूर, श्वास न तोडता चाललेला, त्यात बांबूच्या नळीतल्या पात्याची किंचित खरबरीत कड. मोखाड्याला बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर संबळ ऐकला आहेस, त्याच्या कातड्यावर पडलेल्या काठीचा आघात आणि मागून येणारा घुमारा वेगवेगळा कळतो. हा कान जप. तो शाबूत असेल तर आघात बोथट करणारा प्रीअँप तू दहा मिनिटांत ओळखशील, मग त्याच्यावर कितीही किंमत लिहिलेली असो. शनिवारी शाळेतल्या पोरांना रेकॉर्ड ऐकवणार आहेस ना, त्यांनाही विचार. त्यातल्या निम्म्यांच्या घरी तारपा वाजत असेल. त्यांचं मत मी कुठल्याही परीक्षणापेक्षा वर धरीन.

तर आता असं कर. अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूचा, टर्नटेबलच्या मागच्या बाजूचा आणि सध्याच्या प्रीअँपवरच्या पट्टीचा फोटो काढून मला पाठव. नवी सुई मागव, केबल आखूड कर, घरघर शोध, आणि पंधरा दिवस ऐकून काय फरक पडला ते लिही. तोवर त्या दुकानदाराला एक पैसाही देऊ नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा