तबकडी धुवावी, पण वाळत घालू नये
(तृतीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरचा माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. तीत साठ-सत्तर ध्वनिमुद्रिका निघाल्या. काही जुन्या, लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. बाकीच्या व्हिनाइलच्या, ३३⅓ फेऱ्यांच्या. नाट्यगीते, ख्याल, भावगीते असा सगळा ऐवज. कोकणातले कित्येक पावसाळे त्यांनी माळ्यावर काढलेले. पुठ्ठ्याची वेष्टने बुरशीने पांढरी पडलेली.

उत्साहाच्या भरात मी दोन चुका केल्या. एक मोठी तबकडी साबण लावून नळाखाली धुतली आणि ताटाळ्यात उभी करून वाळवली. ती दिसायला आरशासारखी झाली, पण वाजवल्यावर पूर्वीपेक्षा जास्त खरखरू लागली. दुसरी चूक अधिक वाईट. लाखेच्या एका तबकडीवरची बुरशी मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला, तेव्हा मळ निघतो आहे असे वाटून मला आनंदच झाला. वास्तविक निघत होती ती तबकडी! सुतार पॉलिशसाठी लाखेचा चपडा स्पिरिटातच विरघळवतो, हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी आठवले नाही. आजी ती तबकडी ऐकायची म्हणून थांबली होती. तिने एवढेच म्हटले, "असू दे रे, आता दुसरी लाव."

या दोन चुकांनंतर मी या विषयाचा थोडाबहुत अभ्यास केला. तो मित्रांच्या उपयोगी पडावा, हाच या लेखाचा उद्देश.

चराचे अंतरंग

तबकडीवर अनेक वर्तुळे दिसतात, परंतु प्रत्यक्षात तो कडेपासून आत जाणारा एकच सर्पिल चर असतो. वीस मिनिटांच्या बाजूत तबकडी सुमारे ६६७ फेरे घेते. एका फेऱ्याची सरासरी लांबी ६६ सेंटिमीटर धरली तर सुईचा प्रवास सुमारे ४४० मीटरचा होतो. चराची रुंदी मात्र सुमारे ५० ते ६० मायक्रॉन, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी. त्याचा छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असून सुई तळाला न टेकता दोन्ही भिंतींच्या आधाराने चालते. सूर साठवलेला असतो तो या भिंतींच्या नागमोडीत.

सुईचा भार अवघा दीड-दोन ग्रॅम असला तरी तो इतक्या सूक्ष्म जागेवर पडतो की तेथील दाब प्रचंड असतो. अशा वेळी वाटेत धुळीचा कण आला तर सुई तो भिंतीत दाबते आणि भिंतीला कायमची जखम होते. म्हणून मळकट तबकडी "एकदा लावून तर पाहू" म्हणून वाजवणे हेच तिचे खरे नुकसान होय.

कोरड्या फडक्याने पुसणेही पुरेसे नाही. फडक्याचा धागा चराच्या तळाशी पोहोचत नाही, आणि घर्षणाने व्हिनाइलवर स्थिरविद्युत निर्माण होऊन ते हवेतली धूळ उलट ओढून घेते.

पाणी काढावयाचे कसे?

आता माझ्या पहिल्या चुकीकडे वळू. पाणी व साबण मळ सोडवतात हे खरे. पण सुटलेला मळ त्या पाण्यातच असतो. पाणी वाळले की बाष्प तेवढे उडून जाते. मळ, साबणाचा अंश आणि नळाच्या पाण्यातील क्षार चराच्या तळाशी बसतात. स्वयंपाकघरात पाण्याचे भांडे वाळल्यावर जे पांढरे डाग दिसतात, तोच हा प्रकार. सारांश, धुण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व मळलेले पाणी वाळण्यापूर्वी उचलून घेण्याला आहे. व्हॅक्यूम यंत्र नेमके हेच काम करते.

यंत्र पाणी 'ओढते' असे आपण म्हणतो. शास्त्रीयदृष्ट्या पंखा नळीतील हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला व तिच्याबरोबर पाण्याला आत ढकलतो. घरगुती यंत्रात हा फरक वातावरणाच्या दाबाच्या एक-पंचमांशापर्यंत जातो. चरातील थेंब उचलायला तेवढा पुरेसा आहे. मात्र फट अरुंद हवी. फट रुंद झाली की हवेचा वेग मंदावतो आणि थेंब जागीच राहतो.

मोठे यंत्र आणि धाकटी भावंडे

या कल्पनेचे श्रेय इंग्लंडकडे जाते. 'द ग्रामोफोन' मासिकाचे तांत्रिक संपादक पर्सी विल्सन यांच्या रचनेवरून कीथ मंक्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे यंत्र बाजारात आणले. बी.बी.सी.सारख्या संस्थांचे मोठे संग्रह त्यावर धुतले जात. त्याची बारीक नळी तबकडीच्या मध्याकडून कडेकडे सरकते, आणि नळी व तबकडी यांच्यामध्ये एक दोरा असतो. तो सतत पुढे सरकत असल्याने मळलेला भाग पुन्हा तबकडीला लागत नाही. यंत्र उत्तम, पण किंमत संस्थेलाच परवडणारी.

अमेरिकेत पुढे सोपा मार्ग निघाला. फिरत्या नळीऐवजी चराच्या पूर्ण पट्ट्याएवढी एक लांब फट आणि तिच्या दोन्ही ओठांवर मखमल. 'रेकॉर्ड डॉक्टर' या स्वस्त यंत्रात तर तबकडी फिरवायला मोटरही नाही. द्रव लावून घासलेली बाजू खाली करून फटीवर ठेवायची, बटण दाबायचे आणि हाताने दोन-तीन फेरे द्यायचे. महागड्या यंत्रांहून ते आवाज करते, वेळ अधिक खाते आणि हात दुखवते. पण पाणी उचलण्याचे मूळ काम चोख करते. तरीही त्याची दोन-तीनशे डॉलरची किंमत, वर जकात व वाहतूक, हे विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरचे गणित आहे.

घरगुती उपाय

ओले-कोरडे दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर हल्ली पुष्कळ घरांत आढळतो. मी मामांकडचा मागून आणला. प्लास्टिकच्या अर्ध्या हात नळीचे एक तोंड बंद केले, नळीच्या अंगाला साडेआठ सेंटिमीटर लांब व दोन-तीन मिलिमीटर रुंद फट पाडली आणि फटीच्या दोन्ही कडांना मखमलीच्या पट्ट्या चिकटवल्या. दुसरे तोंड क्लीनरच्या नळीला जोडले. तबकडी फिरवायला बंद पडलेल्या रेकॉर्ड प्लेअरची चकती घेतली. एक सूचना मात्र कळकळीची : फक्त कोरड्या धुळीसाठी असलेला क्लीनर यासाठी कदापि वापरू नये. पाणी मोटरमध्ये गेल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे.

कृती पुढीलप्रमाणे :

१. मऊ ब्रशने वरची सुटी धूळ झाडावी. मधल्या कागदी लेबलावर प्लास्टिकची गोल चकती ठेवावी.

२. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोच्या फिल्मसाठी मिळणाऱ्या ओलावकारक द्रवाचे मोजके थेंब मिसळावेत. रंगीत किंवा सुवासिक साबण टाळावा. लाखेच्या तबकडीवर स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेला कोणताही द्रव वापरू नये.

३. द्रव पसरून मऊ ब्रश चराच्या दिशेनेच फिरवावा, आडवा नव्हे. मिनिट-दोन मिनिटे मळ भिजू द्यावा.

४. फट हलकेच टेकवून दोन-तीन फेऱ्यांत पाणी उचलावे. जास्त वेळ फिरवल्यास कोरड्या हवेने पुन्हा स्थिरविद्युत साचते.

५. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने एकदा विसळून पुन्हा पाणी उचलावे. मखमल पुसून मगच दुसरी बाजू घ्यावी, आणि तबकडी जुन्या वेष्टनात न घालता नव्या पाकिटात ठेवावी.

उन्हात वाळवण्याचा मोह टाळावा. उष्णतेने व्हिनाइल वाकते.

मर्यादा आणि विनंती

माझी खरखरणारी तबकडी या रीतीने दोनदा धुतल्यावर पुष्कळ शांत झाली. तंबोऱ्याची आस प्रथमच स्पष्ट ऐकू आली. दुसऱ्या अंतऱ्यातली 'टक्' मात्र तशीच राहिली, कारण तो मळ नसून ओरखडा आहे. यंत्र मळ काढते, झीज भरून काढत नाही. आणि स्पिरिटने पुसलेल्या तबकडीला तर काहीच उपाय नाही.

आजकाल घरोघरी जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून घेण्याची लगबग दिसते. ती स्तुत्य आहे. पण मळकट तबकडी उतरवली तर खरखरही कायमची उतरते आणि शिवाय सुई भिंती खरवडते ती वेगळीच. आपल्या संगीत विभागाच्या कपाटातही अशा तबकड्या आहेत. त्या रद्दीत देण्यापूर्वी, किंवा घाईने वाजवण्यापूर्वी, एकदा नीट धुऊन पाहाव्यात अशी प्राध्यापकांना नम्र विनंती. नळी आणि मखमल माझ्याकडे तयार आहे. मामांचा क्लीनर तेवढा पुन्हा मागावा लागेल.