जुन्या क्यूचा सैल जोड

दोन भागांच्या जुन्या क्यूमध्ये पुढचा शाफ्ट आणि मागचा बट स्क्रूने जोडलेले असतात. बहुतेक क्यूंमध्ये स्क्रू पितळेचा किंवा पोलादाचा असतो. पॉकेट नसलेल्या टेबलावरच्या बिलियर्ड्ससाठी युरोपात बनलेल्या काही क्यूंमध्ये तो आट्यांसकट लाकडाचाच असतो. जोडावर धातूची कडी नसेल, तर लाकूड थेट लाकडाला टेकते. अशा जोडात स्क्रूचे काम दोन भाग आवळून धरण्याचे. फटक्याचा भार घेतात ती एकमेकांना टेकलेली लाकडाची तोंडे. दुरुस्ती करणारा नेमके हेच विसरतो. त्याचे सगळे लक्ष स्क्रूवर असते आणि बिघडतात ती तोंडे.

जोड सैल होतो तो मुख्यतः हवामानाने. लाकूड दमट हवेत आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. धातू हवेतल्या ओलाव्याने फुगत किंवा आकसत नाही. जुना स्क्रू बहुधा सरसाने बसवलेला असतो आणि सरस ओलाव्याने मऊ पडतो. किनारपट्टीवर काही पावसाळे काढलेल्या क्यूचा स्क्रू भोकात हलू लागला तर नवल नाही. सैल जोड जोर लावून आवळत राहिल्यास मग लाकूड उभे चिरते.

क्यू फटक्याला किरकिरला म्हणजे दोष जोडाचाच, असे नाही. टिपखालची पितळी टोपी किंवा बटच्या आतले वजन सैल असले तरी तसाच आवाज येतो. म्हणून दोन्ही भाग सुटे करून एकेक हलके ठोकून पाहावा, स्क्रू चिमटीत धरून हलवावा. नंतर दोन्ही भाग सपाट टेबलावर वेगवेगळे लोळवावेत. सुटे भाग सरळ लोळतात आणि जोडल्यावर क्यू उड्या मारतो, तेव्हा दोष जोडात आहे. एखादा भागच वाकलेला असेल, तर जोडावर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते.

तोंडांमध्ये फट दिसली की पहिला मोह होतो तो पॉलिश पेपर घेऊन हाताने तोंड घासण्याचा. जुन्या क्यूंचे सर्वांत जास्त नुकसान याच उपायाने होते. हाताने घासलेले तोंड क्यूच्या अक्षाशी काटकोनात राहत नाही. तोंडाचा व्यास २० मिलिमीटर असेल आणि एका कडेला ०.१ मिलिमीटर जास्त घासले गेले, तर सुमारे ७३० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टचे टोक साडेतीन मिलिमीटरहून अधिक सरकते. तोंड सपाट करायचेच असेल, तर ते लेथवरच करावे.

हलणारा स्क्रू काढताना पक्कड लावू नये, आटे जातात. स्क्रूवर दोन नट एकमेकांवर आवळून पाना खालच्या, म्हणजे लाकडाकडच्या नटला घालावा आणि उलट फिरवावे. तरीही सुटला नाही, तर स्क्रूला सोल्डरिंग आयर्न टेकवावे. धातूतून आत गेलेल्या उष्णतेने सरस सैल होतो, एपॉक्सीही बरेचदा होते. घाई केल्यास लाकूड करपते. भोकातला जुना सरस पूर्ण खरवडून काढावा, कारण त्यावर नवा गोंद धरत नाही. भोक मोठे झाले असेल, तर काडेपेटीच्या काड्या भरण्याची युक्ती दोन-चार डावांपुरतीच टिकते. भोक लेथवर मोठे करून त्यात मेपलसारख्या कठीण लाकडाची, उभ्या रेषांची खुंटी चिकटवावी आणि तिच्यात नवे भोक पाडावे. खुंटीच्या अंगावर एक उथळ खाच हवीच. तिच्यातून हवा आणि जादा गोंद बाहेर पडतो. खाच नसेल, तर आत कोंडलेल्या गोंदाच्या दाबाने चांगला बटही फुटू शकतो.

स्क्रू बसवायला सावकाश सुकणारे एपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांत धरणारे घेतले, तर क्यू सरळ करायला वेळच उरत नाही. दोन्ही तोंडांना आणि बाहेरच्या आट्यांना मेण लावावे, नाहीतर दोन भागांचा क्यू कायमचा एकसंध होईल. मग भाग जोडून, लोळवून सरळपणा तपासावा आणि क्यू उभा टांगून चोवीस तास हात लावू नये.

चीर असल्यास स्क्रू आधी काढावा. किंचित गरम करून पातळ केलेले एपॉक्सी चिरेत उतरू द्यावे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळावी. फार आवळल्यास सगळा गोंद बाहेर येतो. चिरेवर पितळी कडी चढवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. जोड त्याने वाचतो, पण वजन बदलते आणि फटक्याची हाताला येणारी जाणीवही. हाताने सांधलेल्या मौल्यवान बटवर यातले काहीही घरी करू नये, तो क्यू बनवणाऱ्या कारागिराकडेच द्यावा.

दुरुस्तीनंतर धातूच्या आट्यांना थोडे मेण पुरते. तेल लाकडात मुरते, म्हणून ते तोंडांपासून दूर ठेवावे. जोड तोंडे टेकेपर्यंतच आवळावा. खेळ संपला की भाग सुटे करून दोन्ही तोंडांवर टोप्या घालाव्यात.