कोकणकड्यावर पुसलेलं कार्ड

माझा कॅमेरा दरीत पडला नाही, चोरीला गेला नाही, पावसातही भिजला नाही. हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याजवळच्या तंबूत, रात्री साडेनऊच्या सुमाराला मी माझ्याच हाताने कार्ड फॉरमॅट केलं आणि दिवसभराचे फोटो घालवले. गाडीने भटकणाऱ्या, डोंगरात मुक्काम करणाऱ्या आणि फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं, कारण यातली एकही चूक मोठी नव्हती.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मी, माझी मुलगी आणि मामा पुण्याहून पहाटे निघालो. आळेफाटा सोडून कोतूळमार्गे गडाच्या पायथ्याचं पाचनई. मामांचं वय ६९. दिवाळीनंतर गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. "त्याआधी एकदा हरिश्चंद्र करून येऊ, मग डॉक्टरांना काय करायचं ते करू दे," असं ते म्हणाले, आणि या सहलीचं कारण तेवढंच होतं.

गड मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवला होता, १९८८ साली, खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने. मी आठवीत होतो. मामांकडे रोलचा कॅमेरा होता. ३६ फोटोंचा एकच रोल, तोही दोन दिवस पुरवायचा. त्यातला एक फोटो आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. केदारेश्वराच्या गुहेत, गार पाण्यात, मोठ्या शिवलिंगाशेजारी कुडकुडत उभा असलेला मी, आणि मागे चार खांबांपैकी शाबूत राहिलेला तो एकटा खांब. या वेळी त्याच जागी मामांना आणि माझ्या मुलीला उभं करून फोटो काढायचा, हे मी कित्येक महिने मनात धरून होतो.

पहिली चूक पाचनईतच झाली. गाडीत चार तास एसी चालू, कॅमेऱ्याची बॅग मागच्या सीटवर थंडगार पडलेली. बाहेर भाताची खाचरं, दमट हवा. एका अंगणात बसून मामा बुटांच्या नाड्या बांधत होते, समोर कोंबड्या फिरत होत्या, उजेड फार सुंदर होता. मी बॅग उघडून कॅमेरा काढला आणि लेन्सवर धुकं धरलं. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला पाणी सुटतं, तसंच हे. थंड काचेला दमट हवा लागली की वाफ तिच्यावर जमते. मी घाईने रुमालाने पुसलं, ते पुन्हा धरलं आणि वर बोटांचा तेलकट ओघळ राहिला. मामांचे ते सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे आले.

आता मी मुक्कामाचं गाव यायच्या अर्धा तास आधी एसी बंद करतो आणि काचा खाली घेतो. कॅमेऱ्याची बॅग मात्र बंदच ठेवतो, म्हणजे आतला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेला न लागता हळूहळू कोमट होतो. तरीही धुकं धरलंच तर पुसायचं नाही, वाट पाहायची. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. घरी परतल्यावर कॅमेरा त्याच ओल्या बॅगेत आठवडाभर ठेवायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि एकदा धरली की तिचा डाग काचेवर कायमचा राहू शकतो.

चढ मामांनी फार छान केला. पाचनईची वाट कातळाच्या कडेने, ओढ्याच्या सोबतीने वर जाते. ते दर दहा मिनिटांनी थांबत आणि थांबले की काहीतरी दाखवत. पिवळीधमक सोनकी, कातळातलं शेवाळ, जुन्या वाटेची खूण. मी भराभर फोटो काढत होतो. दुपारी केदारेश्वराच्या गुहेत तो फोटोही झाला. मुलीचा हात धरून मामा पाण्यात उतरले, गारठ्याने दोघांनी एकदमच श्वास आत ओढला आणि एकमेकांकडे बघून हसले. तो क्षण मला बरोबर मिळाला होता, मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला होता.

संध्याकाळी मामा देवळाजवळच्या झापात आडवे झाले. मुलगी त्यांच्यापाशी थांबली आणि मी एकटा कोकणकड्यावर गेलो. सूर्यास्ताचे दीडशे फोटो काढले. दीडशे! एकाच सूर्याचे.

रात्री सगळे कड्याजवळच्या तंबूत आलो. मला ताऱ्यांचे फोटो काढायचे होते, त्यासाठी रिकामं कार्ड हवं होतं. माझ्याकडे एकाच कंपनीची, एकाच आकाराची, ३२ जीबीची दोन कार्डं होती. एकात मागच्या दिवाळीचे, घरी उतरवून झालेले फोटो. दुसऱ्यात त्या दिवसाचे ४१०. दोन्ही काढून स्लीपिंग बॅगवर ठेवली. बाहेर ढग सरकत होते, तारे दिसताहेत तोवर काढून घेऊ म्हणून घाई होती, बोटं गारठली होती. त्यातलं एक उचलून आत घातलं. कॅमेऱ्याने विचारलं, सर्व डेटा पुसला जाईल, पुढे जायचं का? मी हो म्हटलं. त्यात काय आहे ते उघडून पाहिलं नाही. पाच सेकंदांचं काम होतं.

त्या कार्डावर रात्री ताऱ्यांचे वीसेक फोटो काढले. सकाळी तर कोकणकड्याने आम्हाला इंद्रवज्र दाखवलं. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि खाली कोकणात धुकं दाटलेलं असेल, तर त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती सप्तरंगी कडं उमटतं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते कड्यापासून चार हात मागे बसून गप्प पाहत होते. मी फोटो काढत होतो, अडीचशेच्या आसपास.

चूक कळली ती पाचनईत उतरल्यावर. चहा पिताना मामांना गुहेतला फोटो दाखवायला कॅमेरा उघडला, तर पहिला फोटो ताऱ्यांचा. दुसरं कार्ड घातलं, तर दिवाळीचा आकाशकंदील. मी दोन्ही कार्डं तीन-तीनदा आलटून पालटून पाहिली. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तीच अनेकांचे फोटो वाचवू शकते. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने सहसा फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं तरी शेतातलं पीक उभं असतं, तसं. कार्डावरची नोंद जाते, जागा मोकळी आहे असं कॅमेऱ्याला सांगितलं जातं, पण जुना मजकूर तिथेच असतो. त्यावर नवे फोटो पडले की मात्र नांगर फिरला. म्हणून असं काही झालं तर त्या क्षणी थांबायचं. कार्ड बाहेर काढायचं, वेगळं ठेवायचं, घरी येऊन संगणकावर फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने किंवा तशा दुसऱ्या एखाद्या साधनाने शोधायचं आणि सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, त्याच कार्डावर कधीच नाही.

मी थांबलो नाही, कारण मला माहीतच नव्हतं. नवे २६० फोटो कार्डाच्या सुरुवातीपासून भरत गेले आणि त्यांच्याखाली दिवसातले पहिले २६० गाडले गेले. चढणारे मामा, सोनकी, केदारेश्वर. परत मिळाले ते शेवटचे दीडशे, सगळे सूर्यास्ताचे.

एसडी कार्डाच्या कडेला एक छोटीशी सरकती खिट्टी असते. ती लॉकवर केली की कॅमेरा त्या कार्डावर काही लिहीत नाही, पुसत नाही, फॉरमॅटही करत नाही. माझ्या दोन्ही कार्डांना ती होती. वर्षानुवर्षं मी तिला हातही लावला नव्हता. आता कार्ड भरलं, किंवा नुसतं बाहेर काढलं, तरी आधी खिट्टी सरकवतो. फोनमध्ये आणि ड्रोनमध्ये लागणाऱ्या मायक्रो एसडी कार्डाला ती सोय नसते, म्हणून ती कार्डं वेगळ्या रंगाच्या डबीत. प्रत्येक कार्डावर मुलीने नेलपॉलिशने आकडा घातला आहे. डोंगरात असताना फॉरमॅट नाही आणि निवडून पुसणंही नाही. कार्डं घरून निघतानाच रिकामी करून घ्यायची. एक मोठं कार्ड नेण्यापेक्षा मी तीन छोटी नेतो, म्हणजे एक गेलं तरी सगळी सहल जात नाही.

रोज संध्याकाळी, जेवणाआधी, फोनला रीडर लावून दिवसाचे फोटो एका लहान ड्राइव्हवर उतरवायचे. गडावर रेंज नसते, तेव्हा इंटरनेटवर चढवू या भरवशावर राहू नये. कार्डं माझ्या खिशात, ड्राइव्ह दुसऱ्याच्या पिशवीत. उभ्या गाडीत, उन्हात, बॅटऱ्या आणि ड्राइव्ह ठेवू नयेत. थंडीच्या रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपावं, नाहीतर गारठलेली बॅटरी पहाटे ऐन वेळी मान टाकते.

धुक्याबद्दलही सांगतो. पांढरंफेक धुकं कॅमेऱ्याला फसवतं, तो फोटो काळपट काढतो. एक्सपोजर एखाद्या स्टॉपने वाढवावं. फोकस धरत नसेल तर जवळच्या कातळाची कड पकडून लॉक करावा. पण कोकणकड्यावर डोळा कॅमेऱ्याला लावून एक पाऊलही टाकू नये. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, खाली आधार नाही. काठावरून बघायचं तर पालथं झोपून, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून आणि कोणीतरी पाय धरलेले असताना.

आमच्यासोबत गावातला एक मुलगा वाट दाखवायला होता. गुहेत मी फोटो काढत असताना त्यानेही आपल्या फोनवर एक काढला होता. खाली रेंज आल्यावर त्याने तो व्हॉट्सॲपवर पाठवला. जरा तिरपा, व्हॉट्सॲपने लहान केलेला, माझी पाठही त्यात आली आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा येतो, हे त्याला सांगायचं मला सुचलं तोवर त्याने फोनमधली जागा मोकळी केली होती. छापताना ४ बाय ६ इंचांच्या वर तो मोठा करता आला नाही. मामांच्या अल्बममध्ये तो आता १९८८च्या फोटोशेजारी लावलेला आहे. त्यात मामा आणि मुलगी एकमेकांकडे बघून हसताहेत.